लेझर, दुर्बीण की पारंपरिक? ओटोस्क्लेरोसिसच्या शस्त्रक्रियेत फरक नेमका कशाने पडतो

कानाच्या दवाखान्यांच्या जाहिराती गेल्या काही वर्षांत बदलल्या आहेत. पूर्वी पाटीवर ‘कान-नाक-घसा तज्ज्ञ’ एवढेच असायचे. आता फ्लेक्सवर आणि मोबाइलवरच्या रील्समध्ये ‘लेझरने बहिरेपणावर उपचार’, ‘दुर्बिणीतून बिनटाक्याचे ऑपरेशन’, ‘त्याच दिवशी घरी’ अशी वाक्ये दिसतात. ओटोस्क्लेरोसिसचे निदान झालेले रुग्ण दोन रुग्णालयांची दोन एस्टिमेट घेऊन फॅमिली डॉक्टरकडे येतात. एकात लेझरचा वेगळा खर्च लावलेला असतो, दुसऱ्यात नसतो. मग विचारतात, “डॉक्टर, लेझरचंच करायला हवं ना?”

प्रश्न रास्त आहे, कारण पैसे त्यांचे आहेत आणि कानही त्यांचाच आहे. मी स्वतः कानाची शस्त्रक्रिया करत नाही, त्यामुळे कोणत्याही एका तंत्राची बाजू घेण्याचे मला कारण नाही. आजवर प्रसिद्ध झालेल्या तुलना वाचल्यावर एक गोष्ट दिसते. लेझर की ड्रिल, मायक्रोस्कोप की दुर्बीण, यावरून ऐकण्याच्या अंतिम निकालात फार मोठा फरक पडत नाही. निदान बरोबर आहे का, शस्त्रक्रिया तुमच्यासाठी योग्य आहे का आणि ती कोणाच्या हातून होणार आहे, यावरून मात्र पडतो. जाहिरातीत नेमक्या याच तीन गोष्टी नसतात.

आजार काय आहे?

आपल्या मधल्या कानात हातोडी, ऐरण आणि रिकीब अशी तीन इवलीशी हाडे साखळीसारखी जोडलेली असतात. कानाच्या पडद्यावर पडलेला आवाज ती आतल्या कानापर्यंत पोहोचवतात. शेवटचे रिकीब, म्हणजे स्टेपीज, हे शरीरातले सर्वांत लहान हाड. त्याची उंची जेमतेम ३ मिलिमीटर. त्याचा तळ आतल्या कानाच्या एका खिडकीवर बसलेला असतो आणि आवाजाबरोबर थरथरतो.

ओटोस्क्लेरोसिसमध्ये या खिडकीभोवतीचे हाड विचित्र पद्धतीने झिजते आणि पुन्हा घट्ट होते. त्यामुळे रिकिबीचा तळ जखडतो. आवाज येतो, पण पुढे जात नाही. हा त्रास बहुतेक वेळा विशी ते चाळिशीच्या दरम्यान सुरू होतो आणि हळूहळू वाढतो. स्त्रियांमध्ये तो पुरुषांच्या जवळपास दुप्पट आढळतो. निम्म्या रुग्णांच्या घरात आणखी कोणाला तरी असाच त्रास असतो आणि बहुतेकांचे दोन्ही कान कमी-अधिक बाधित होतात.

याची एक खूण रुग्ण स्वतःच सांगतात. शांत खोलीत ऐकायला त्रास होतो, पण एसटीत किंवा लग्नाच्या गर्दीत उलट बरे ऐकू येते. गोंगाटात समोरचा माणूस आवाज चढवून बोलतो आणि रुग्णाला भोवतीचा गोंगाट तेवढा जाणवत नाही, म्हणून असे होते.

ही शस्त्रक्रिया इथवर कशी आली?

१९३८ मध्ये अमेरिकेत ज्युलियस लेम्पर्ट यांनी जखडलेली खिडकी तशीच सोडून आतल्या कानाला दुसरी खिडकी पाडण्याची शस्त्रक्रिया सुरू केली. ऐकू यायचे, पण पूर्ण नाही, आणि कानात कायमची मोठी पोकळी राहायची. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला सॅम्युएल रोझेन यांनी जखडलेली रिकीब हलवून मोकळी करण्याचा मार्ग दाखवला. ऐकू लगेच यायचे, पण अनेकांची रिकीब पुन्हा जखडायची. १९५६ मध्ये जॉन शिया यांनी रिकीब पूर्ण काढली, खिडकी शिरेच्या पातळ तुकड्याने झाकली आणि टेफ्लॉनची कृत्रिम रिकीब बसवली. आजच्या सगळ्या पद्धती याच शस्त्रक्रियेच्या वंशातल्या आहेत. रुग्णाला दिले जाणारे पर्याय तीन ठिकाणी बदलतात. ते एकत्र केले की गोंधळ होतो, म्हणून एकेक पाहू.

पहिली तुलना : रिकीब पूर्ण काढायची की तळाला छिद्र पाडायचे?

रिकिबीचा तळ पूर्ण किंवा बराचसा काढला तर तिला स्टेपेडेक्टॉमी म्हणतात. रिकिबीचा वरचा भाग काढून तळाला फक्त एक बारीक छिद्र पाडले आणि त्यातून पिस्टन बसवला, तर ती स्टेपेडोटॉमी. पिस्टनची जाडी साधारण ०.४ ते ०.६ मिलिमीटर असते. त्याचे एक टोक ऐरणीच्या हाडाला आकड्यासारखे अडकवतात आणि दुसरे छिद्रात राहते.

आज बहुतेक ठिकाणी स्टेपेडोटॉमीलाच पसंती आहे, आणि त्याला कारण आहे. खिडकी जितकी कमी उघडली जाते, तितका आतल्या कानातील द्रवाला धक्का कमी बसतो. दोन्ही पद्धतींत बोलण्याच्या पट्टीतला आवाज जवळजवळ सारखाच सुधारतो. पण वरच्या पट्टीतले आवाज, म्हणजे ‘स’, ‘श’, ‘फ’ अशी अक्षरे ज्यावर कळतात ते, स्टेपेडोटॉमीनंतर अधिक चांगले टिकतात. नंतरची चक्करही सहसा कमी असते.

तरीही शस्त्रक्रिया सुरू असताना तळाला तडा गेला किंवा तो सुटा झाला, तर सर्जनला तो काढावा लागू शकतो. तेव्हा ‘ठरले होते स्टेपेडोटॉमी आणि केली स्टेपेडेक्टॉमी’ असे कागदावर दिसले तर ती फसवणूक समजू नका. असे का करावे लागले, हे मात्र जरूर विचारा.

दुसरी तुलना : छिद्र कशाने पाडायचे?

हे छिद्र पाडण्याचे तीन मार्ग आहेत : हाताने फिरवायची सुईसारखी बारीक टोचणी, सूक्ष्म ड्रिल आणि लेझर. जाहिरातीतले ‘लेझर’ म्हणजे एवढेच. लेझर आजार जाळून टाकत नाही आणि जखडलेले हाड पूर्ववतही करत नाही. पिस्टन लेझरच्या शस्त्रक्रियेतही बसवावाच लागतो.

लेझरचा खरा फायदा असा की हाडाला हात न लावता छिद्र पडते. त्यामुळे तळावर दाब येत नाही आणि तो सुटा होण्याची किंवा त्याला तडा जाण्याची शक्यता कमी होते. पूर्वी एकदा शस्त्रक्रिया झालेल्या कानात, जिथे जुना पिस्टन चिकटलेल्या ऊतींमध्ये अडकलेला असतो, तिथे लेझर विशेष कामाचा ठरतो. तोटाही आहे. लेझरची उष्णता आतल्या कानाला इजा करू शकते, म्हणून त्याची तीव्रता नेमकी ठेवावी लागते. तळ खूप जाड झालेला असेल तर अनेक सर्जन ड्रिलच हाती घेतात.

निकालांची तुलना केली तर पहिल्यांदा होणाऱ्या शस्त्रक्रियेत लेझर, ड्रिल आणि टोचणी यांच्यात ऐकण्याच्या सुधारणेचा ठळक फरक सातत्याने दिसलेला नाही. ज्या सर्जनचा हात ज्या साधनावर बसला आहे, ते साधन त्यांच्या हातून सुरक्षित असते. एखाद्या अनुभवी सर्जनने ‘माझ्याकडे लेझर नाही’ असे सांगितले, तर तेवढ्यावरून त्यांना बाद करू नका. केवळ लेझरसाठी कर्ज काढण्याचीही गरज नाही.

तिसरी तुलना : मायक्रोस्कोप की दुर्बीण?

अनेक दशके ही शस्त्रक्रिया मायक्रोस्कोपखाली होत आली आहे. सर्जनचे दोन्ही हात मोकळे राहतात आणि खोलीचा नेमका अंदाज येतो. अलीकडे कानातून बारीक दुर्बीण घालून पडद्यावर पाहत शस्त्रक्रिया करण्याची पद्धत वाढली आहे. दुर्बीण कोपऱ्याआडचेही दाखवते. त्यामुळे खिडकी दिसण्यासाठी कानाच्या नळीतले हाड कमी खरवडावे लागते आणि तिथून जाणारी चवीची नस कमी ताणली जाते. शस्त्रक्रियेनंतर चव बदलण्याची तक्रार दुर्बिणीच्या गटात कमी आढळते, असे अनेक तुलनांतून दिसले आहे. ऐकण्याचा निकाल मात्र दोन्हींत सारखाच येतो.

दुर्बिणीची अडचण अशी की एक हात ती धरण्यात गुंततो आणि चित्र सपाट दिसते. पाव-अर्ध्या मिलिमीटरच्या कामात हे अंगवळणी पडायला वेळ लागतो. ‘बिनटाक्याची’ या शब्दाचे म्हणाल, तर मायक्रोस्कोपची शस्त्रक्रियाही पुष्कळदा कानाच्या नळीतूनच होते आणि बाहेर व्रण दिसत नाही. तेव्हा बिनटाक्याची म्हणून ती श्रेष्ठ, असे मानायचे कारण नाही.

परदेशात यापुढचा टप्पाही सुरू झाला आहे. फ्रान्समध्ये विकसित झालेला ‘रोबोटोल’ हा कानासाठीचा रोबोट अशा शस्त्रक्रियांत वापरला जातो. तो सर्जनच्या हाताचा कंप कमी करतो, पण निर्णय आणि हालचाल सर्जनचीच असते. उद्या ‘रोबोटिक’ हा शब्द जाहिरातीत दिसला तर हे लक्षात असू द्या.

मग फरक कशाने पडतो?

पहिला फरक निदानाचा. आपल्याकडे ऐकू कमी येण्याची इतर कारणे खूप आढळतात : मळ, पडद्यामागचे पाणी, फाटलेला पडदा, वयोमानाने थकलेली नस. ऑडिओमेट्रीत हवेतून आणि हाडातून ऐकण्याच्या दोन रेषा काढतात. त्यांच्यातले अंतर, म्हणजे एअर-बोन गॅप, जितके मोठे तितका शस्त्रक्रियेला वाव. इम्पिडन्स ऑडिओमेट्रीत रिकिबीच्या स्नायूची प्रतिक्षिप्त क्रिया पाहतात. रिकीब जखडलेली असेल तर ती सहसा मिळत नाही. तुमच्या रिपोर्टमध्ये ती व्यवस्थित मिळाल्याची नोंद असेल, तर ‘मग हे ओटोस्क्लेरोसिसच आहे कशावरून?’ असे विचारा. आतल्या कानाच्या हाडाला भेग असण्यासारखे काही दुर्मीळ आजार असेच भासतात आणि त्यांत ही शस्त्रक्रिया उपयोगाची नसते. अशा वेळी कानाच्या हाडाचे सीटी स्कॅन मदत करते.

दुसरा फरक सर्जनच्या अनुभवाचा. ब्रिटनमधल्या एका अभ्यासात सर्जनचे निकाल स्थिरावायला ६० ते ८० शस्त्रक्रिया लागल्याचे दिसले. पाश्चात्त्य देशांत अलीकडे या आजाराचे रुग्ण कमी होत चालले आहेत. गोवरच्या लसीकरणाचा त्याच्याशी संबंध असावा, असे काही संशोधकांना वाटते. रुग्ण कमी झाले की नव्या सर्जनना सरावाची संधीही कमी मिळते. त्यामुळे मोजक्या सर्जनकडेच या शस्त्रक्रिया सोपवाव्यात, अशी चर्चा तिकडे सुरू आहे. आपल्यासाठी यातला अर्थ सरळ आहे. कानाचे सगळेच डॉक्टर ही शस्त्रक्रिया नियमित करत नाहीत आणि तसे असणे हा त्यांचा कमीपणा नाही. पण तुमचा कान जे नियमित करतात त्यांच्या हाती जायला हवा. अनेक वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांतही असे अनुभवी हात असतात.

‘९० टक्के यश’ म्हणजे काय?

अनुभवी हातात पहिल्या शस्त्रक्रियेनंतर सुमारे ९० टक्के रुग्णांत एअर-बोन गॅप १० डेसिबलच्या आत येतो. निकाल खरोखरच चांगला आहे. पण ‘९० टक्के ऐकू येईल’ असा त्याचा अर्थ नव्हे. शस्त्रक्रिया फक्त जखडलेल्या हाडाचा अडथळा दूर करते. नसही कमजोर झाली असेल तर ती कमतरता राहते आणि नंतरही श्रवणयंत्र लागू शकते.

उरलेल्यांपैकी काहींना कमी फायदा होतो. शंभरात सुमारे एकाच्या त्या कानाचे ऐकणे कायमचे जाते आणि ते कोणत्याही तंत्राने परत येत नाही. काही दिवस चक्कर, काही महिने तोंडाला धातूसारखी चव असे त्रास अधिक जणांना होतात आणि बहुधा ओसरतात. चेहऱ्याच्या नसेला इजा होणे फार दुर्मीळ आहे. कानातली गुणगुण अनेकांची कमी होते, पण तशी हमी देता येत नाही. काही वर्षांनी पिस्टन सरकला तर दुसरी शस्त्रक्रिया लागते, आणि तिचे यश पहिलीपेक्षा कमी व धोका जास्त असतो. म्हणूनच पहिली शस्त्रक्रिया योग्य हातून होणे महत्त्वाचे.

याच कारणाने एका वेळी एकच कान करतात, सहसा कमी ऐकू येणारा. दुसऱ्या कानाचा विचार पुरेसा काळ जाऊन पहिल्याचा निकाल पक्का झाल्यावर. ज्यांना एकाच कानाने ऐकू येते, त्यांनी त्या कानावर शस्त्रक्रिया करून घेऊ नये, असेच सहसा सांगितले जाते. कानात पू असेल किंवा पडदा फाटलेला असेल तर आधी त्यावर उपचार होतात. गरोदरपणात ही शस्त्रक्रिया सहसा पुढे ढकलतात.

शस्त्रक्रिया न करणे हाही पर्याय आहे

ओटोस्क्लेरोसिसच्या रुग्णांना श्रवणयंत्राचा सहसा चांगला फायदा होतो, कारण त्यांची नस बहुधा शाबूत असते आणि आवाज वाढवला की शब्द स्पष्ट कळतात. यंत्राने कान गमावण्याचा धोका नाही. मात्र ते रोज वापरावे लागते, बॅटरी आणि दुरुस्तीचा खर्च असतो आणि आत चाललेला आजार थांबत नाही. फार पुढे गेलेल्या आजारात, जिथे यंत्रानेही शब्द कळत नाहीत, तिथे कॉक्लिअर इम्प्लांटचा विचार होतो.

अमेरिकेत ऑक्टोबर २०२२ पासून प्रौढांसाठी काही श्रवणयंत्रे चिठ्ठीशिवाय मिळू लागली, आणि २०२४ मध्ये तिथल्या औषध प्रशासनाने एका प्रसिद्ध कंपनीच्या इअरबड्सना श्रवणयंत्रासारखे काम करण्याची परवानगी दिली. आपल्याकडेही लोक ऑनलाइन यंत्रे मागवू लागले आहेत. ही साधने सौम्य ते मध्यम त्रासासाठी आहेत आणि ती आजार ओळखत नाहीत. आधी तपासणी, मग यंत्र, हा क्रम सोडू नका.

घाई कोणाला आणि कशाची?

प्रत्यक्षात निर्णय बिघडतो तो बहुधा घाईने. रुग्ण तरुण मुलगी असेल तर ‘लग्न ठरायच्या आत उरकून टाका’ असा घरातून दबाव येतो. यंत्र दिसेल, लोक काय म्हणतील, म्हणून शस्त्रक्रिया हवी असते. तो ताण मी समजू शकतो. पण शंभरात एकीचा कान कायमचा जाण्याचा धोका कोणी पत्करायचा, हे त्या मुलीने स्वतः ठरवायला हवे, आणि तेही सगळी माहिती समजल्यावर. दुसरी एक भीतीही अनेक स्त्रियांना घातली जाते, की मूल झाले तर ऐकू येणे बंद होईल. गरोदरपणाचा आणि या आजार वाढण्याचा संबंध पूर्वी ठामपणे सांगितला जाई. अलीकडच्या काही अभ्यासांत तो तसा आढळलेला नाही. केवळ या भीतीपोटी मूल होऊ न देण्याचा निर्णय घेऊ नका, तज्ज्ञांशी बोला.

सर्जनला विचारायचे प्रश्न

१. माझ्या ऐकण्यातली किती घट हाडामुळे आहे आणि किती नसेमुळे?
२. तुम्ही वर्षाला अशा साधारण किती शस्त्रक्रिया करता? तुमच्या रुग्णांपैकी किती जणांचा गॅप १० डेसिबलच्या आत आला? किती जणांचा कान गेला?
३. तुम्ही कोणत्या तंत्राने करता आणि माझ्या कानासाठी तेच का?
४. शस्त्रक्रिया स्थानिक भूल देऊन होणार की पूर्ण भूल देऊन?
५. श्रवणयंत्र लावून पाहिले तर मला किती फायदा होईल? आधी काही आठवडे वापरून पाहता येईल का?
६. बिलात लेझरचे आणि पिस्टनचे किती पैसे वेगळे आहेत? विमा किंवा सरकारी योजनेत काय बसते?

शेवटच्या प्रश्नाबद्दल थोडे अधिक. अनेक आरोग्य विम्यांत कानाच्या काही शस्त्रक्रियांसाठी प्रतीक्षा कालावधी असतो, तो पॉलिसीत पाहून घ्या. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्राला भेटा आणि ही शस्त्रक्रिया त्या रुग्णालयात योजनेखाली होते का, हे आधीच विचारा.

शस्त्रक्रियेनंतर

सर्जन सांगतील तितके दिवस नाक जोरात शिंकरणे, जड उचलणे, कानात पाणी जाऊ देणे आणि विमानप्रवास टाळा. शिंक आली तर तोंड उघडे ठेवून शिंका. बसवलेल्या पिस्टनचे नाव आणि धातू लिहिलेले कार्ड मागून घ्या आणि जपून ठेवा. आजचे बहुतेक पिस्टन एमआरआयमध्ये अडचण करत नाहीत. पण १९८७ मध्ये अमेरिकेत काही पिस्टन चुंबकीय पोलादाचे निघाल्याने परत मागवावे लागले होते. तेव्हा एमआरआयच्या आधी कार्ड दाखवलेले बरे.

सुरुवातीच्या दिवसांत चक्कर कमी होण्याऐवजी वाढू लागली, सुधारलेले ऐकणे पुन्हा घटले, चेहरा एका बाजूला वाकडा झाला, ताप आला किंवा कानातून पू आला, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी सर्जनकडे जा.

ओटोस्क्लेरोसिस महिन्यांनी आणि वर्षांनी वाढतो. दुसऱ्या तज्ज्ञांचे मत घ्यायला, यंत्र वापरून पाहायला आणि घरात शांतपणे बोलायला तुमच्याकडे वेळ आहे. याला एकच अपवाद. एखाद्या कानाचे ऐकणे एका रात्रीत किंवा दोन-तीन दिवसांत अचानक गेले, तर ते ओटोस्क्लेरोसिसचेच म्हणून घरी बसू नका. तो वेगळा आजार असू शकतो आणि त्याचा उपचार लगेच सुरू करावा लागतो. त्याच दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवा.